दहा लांब, पाच आखूड

बुरूड आळीत यंदा एकटीच गेले.
माप पेनाने हातावरच काढून घेतलं होतं,
कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत
आणि वर दोन बोटं.
कामट्या सोलणारी बाई म्हणाली,
आता कसला कंदील? दिवाळी सरली की.
तारा आहे, म्हटलं, नाताळचा.
तिने वर पाहिलं. खडकीच्या साळव्यांची का तू?
ते नाही आले?
थंडी आहे, म्हटलं.
तिने मोजून दिल्या, दहा लांब, पाच आखूड,
आणि एक वरून घातली.
मोडते एखादी. त्यांचीही मोडायची,
सांगायचे नाहीत.

घरी आई इरकलीचे जुने काठ उसवत बसलेली.
प्रत्येक जावेला एक बटवा, हाताने शिवलेला.
कुणाला कुठला काठ
यावर तीन दिवस गेलेत.
दोन वर्षं आमच्याशी न बोलणाऱ्या सुमन आत्याला
सगळ्यात चांगला, गोमेचा, लाल.
का, असं विचारायची सोय नाही.

खळ मीच शिजवली, मैद्याची,
झुरळांसाठी चिमूटभर मोरचूद टाकून,
कान तुटलेल्या त्या एकाच पातेल्यात.
कढ येईपर्यंत बाबा मागे उभे.
ढवळ. ढवळ. गाठी होतील.
एकतीस वर्षं दारूगोळा कारखान्यात
केसाच्या जाडीचा फरक पकडणारा माणूस
आता अर्धाच कप चहा मागतो,
भरलेला सांडतो म्हणून.

प्रबोधने मेलबर्नहून फोटो पाठवला.
त्याच्याकडे उन्हाळा, गॅलरीत प्लॅस्टिकचा तारा,
घडीचा, तीन मिनिटांत उघडतो म्हणे.
बाबांनी फोन लांब धरला, मग जवळ.
पोट नाही त्याला, म्हणाले.

पोट म्हणजे त्या पाच आखूड कामट्या.
दोन चपट्या चांदण्या टोकांशी बांधायच्या,
मग आत, जिथे काड्या एकमेकींना ओलांडतात,
तिथे एकेक आखूड काडी उभी करायची.
तेव्हा तारा श्वास घेतल्यासारखा फुगतो.
नाहीतर पापड.
हे त्यांनी मला दरवर्षी सांगितलंय
आणि दरवर्षी बांधलंय स्वतःच.

यंदा सुतळी माझ्या हातात.
चौथ्या गाठीला काड्या निसटायला लागल्या,
तेव्हा त्यांनी तर्जनी ठेवली फुलीवर.
बोट थरथरत होतं,
काड्या थरथरत होत्या,
सगळा तारा, अजून कागद न चढलेला,
बारीक वाजत होता.
मी घाईने फेरे घेतले,
एक, दोन, तीन, ओढून.
आणि बघते तर बोटही आत.

थांबा, सोडवते, म्हटलं.
राहू दे जरा, म्हणाले.
तेवढंच बोट थांबलंय.

आईची सुई थांबली.
मग तिने दाताने दोरा तोडला
आणि पुढचा काठ घेतला.

किती वेळ बसलो असू, माहीत नाही.
कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

संध्याकाळी पतंगाचा कागद चढवला, पांढरा आणि लाल,
एका कोपऱ्यावर सुरकुती पडली, ती मिटली नाही.
वायर वरच्या टिळेकरांची,
त्यांचा कंदील उतरला की आमच्याकडे येते,
होल्डरला अजून त्यांच्या उटण्याचा वास.
खिळाही तोच, गॅलरीतला.
एक कामटी मोडली होती.
मी सांगितलं नाही.

रात्री नदीकडून वारा सुटला.
ज्या गाठीतून बोट काढलं
तिथे बोटाएवढी जागा राहिलेली,
काडी हलते, टक् टक् वाजते.
वारा आहे, बाबा अंधारात म्हणाले.
गाठ सैल आहे, आई म्हणाली.
उठलं कुणीच नाही.